लाल दिवा लागला तेव्हा

आई, आज सकाळी मी माझ्या गाडीखाली झोपले होते. मेहरूणला आमच्या घरापुढे थोडी फरशी टाकलेली जागा आहे. तिथे गाडी जॅकवर उचलली, खाली टेकूला लोखंडी घोड्या लावल्या, जुनी सतरंजी अंथरली आणि आत सरकले. इंजिन थोडं चालवून कोमट केलं होतं. इंजिनखालच्या ऑइल-चेंबरचा नट पान्याने सैल केला, शेवटचे आटे बोटांनी फिरवले, आणि काळं ऑइल एकदम धारेने घमेल्यात पडलं. थोडं माझ्या कोपरापर्यंत ओघळलं. इतकी वर्षं गाडी चालवते, पण हे काम स्वतः पहिल्यांदाच केलं. धार बारीक होत थेंबांवर येईपर्यंत मी तशीच पडून होते, आणि मला तू आठवलीस. चेहरा नाही आठवला आधी. तुझे पाय आठवले, गाडीखालून बाहेर आलेले.

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत तू नर्स होतीस. सरकारी जीप कधी मिळायची, कधी नाही, म्हणून तू ती जुनी चारचाकी घेतलीस आणि चालवायला शिकलीस. त्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती, म्हणून मी तुझ्याबरोबर आले होते. मागच्या सीटवर एक अडलेली बाई, तिची सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. शिरपूर अजून बरंच लांब. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. आणि स्टेअरिंगमागे तो लाल दिवा लागतो. तू लगेच गाडी कडेला घेतेस आणि बंद करतेस.

"ताई, गाडी काबर थांबाडी?" सासू ओरडते. "मनी सून मरी जाई ना! चला ना!"

मीही म्हणाले, "आई, चालतेय ना गाडी, ने ना तशीच."

"चालतेय, पण ऑइल गेलंय," तू म्हणालीस. "अशीच नेली तर इंजिन जाम होईल. मग इथून कुणीच पोचणार नाही." मग मागे वळून त्या म्हातारीला म्हणालीस, "अक्का, माले बी घाई शे. जरासं थांबा." आणि मला, "मागे जा. तिचा हात धर. श्वास घे, सोड, असं सांगत राहा."

बॉनेट उघडून तू ऑइलची पट्टी काढून पाहिलीस. टोकाला ओलही नव्हती. मग डांबरावर पाठ टेकून, अंग चोरून तू खाली सरकलीस. उघड्या दारातून मला फक्त तुझे पाय दिसत होते, पांढऱ्या साडीचा काठ आणि एक सुटलेली चप्पल. वर त्या बाईला कळ आली की सगळी गाडी हलायची, आणि तू तिच्याच खाली होतीस. आदल्या दिवशी शहरातल्या गॅरेजात ऑइल बदललं होतं, त्यांनी नट नीट आवळलाच नव्हता. तो शेवटच्या आट्यावर लोंबत होता. तू तो आवळलास, बाहेर आलीस आणि सरळ कापसातून बांधापलीकडच्या ट्रॅक्टरकडे चालत गेलीस. तिथल्या माणसाला घेऊनच परत आलीस. त्याच्या हातात ऑइलचा डबा.

"हाई ट्रॅक्टरनं शे, ताई. तुमना गाडीले चाली का?" त्याने विचारलं.

"आज चालवू," तू म्हणालीस.

चावी फिरवलीस. दिवा लागला, क्षणभर तसाच राहिला आणि विझला. तू गिअर टाकलास. त्या बाईने माझा हात इतका घट्ट धरला होता की शिरपूर येईपर्यंत बोटं बधिर झाली. दवाखान्यात तिला मुलगी झाली, दोघी सुखरूप. त्याआधी तू साबणाने कोपरापर्यंत हात धुतलेस, पुन्हा धुतलेस, पण नखांतलं काळं जाईना. म्हणून त्या बाईला हात न लावता तू उशाशी उभी राहिलीस आणि शेवटपर्यंत तिच्याशी बोलत राहिलीस. तुझ्या केसांत माती होती, पाठीवर डांबर.

गॅरेजवाल्याशी तू भांडशील असं मला वाटलं होतं. तू त्याला म्हणालीस, "नट कसा आवळायचा ते मला दाखवा. गाडी माझी आहे." त्यानंतर तू ऑइल नेहमी घरीच, अंगणात बदललंस. पहिल्या वेळी नवं ऑइल बोटावर घेऊन मला दाखवलंस. घाण्यावरच्या शेंगदाणा तेलासारखं दिसत होतं. दोन बोटं एकमेकींवर घासून म्हणालीस, "लोखंडावर लोखंड फिरतं, मधे एवढाच पापुद्रा. बघ, एवढ्यावर आपण चौघी शिरपूरला पोचलो." तुझा आवाज देवळात असल्यासारखा बारीक झाला होता. मी तेव्हा हसले होते.

आज मला हसू आलं नाही. तुझं तेव्हा जे वय होतं, ते माझं कधीच उलटून गेलं. ऑफिसात, घरात, सगळे "चला, चला" म्हणत असतात आणि मीही चालत राहते. माणसं ओरडत असताना, मागे जीव अडकलेला असताना, तू शांतपणे चावी बंद केलीस. ते तुला कसं जमलं, हे मला अजून कळलेलं नाही. नवा वायसर लावला, नट आवळला, नवं ऑइल ओतलं, पट्टी पुसून पुन्हा बुडवून पाहिली. बरोबर खुणेवर होतं. आणि माझ्या वेळी वर गाडीत कुणी कण्हतही नव्हतं, आई.

हे मी फक्त लिहून ठेवतेय, तू गेल्यावर पाठवायला पत्ता कुठला. एकच सांगते आणि थांबते. गाडीखालून बाहेर आले तेव्हा, काळ्या हातांनी केस मागे सारत, गल्लीत कुणी बघतंय का ते मी आधी पाहिलं. कुणीच नव्हतं; तुला बघायला तेव्हा मी तरी होते. मला जरा वाईटच वाटलं.