अधिष्ठानाचा तास

मलकपेठ, हैदराबाद
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. रेणूस जयभीम.

सकाळी ध्यानकेंद्र उघडलं. हॉल झाडला, आसनं घातली. अकरा जण आले. दुपारी वरणभात करून खाल्ला. तू आणि तुझी आई बऱ्या असाल. हे फोनवर बोलवत नाही, म्हणून लिहितो.

संदेशला जाऊन पाच महिने झाले. माहेरी जाताना तू विचारलंस, "बाबा, तुम्हाला काहीच ऐकू आलं नाही?" मी नाही म्हणालो. पोलिसांनाही तेच सांगितलं. ते खोटं होतं.

त्या रविवारी अधिष्ठानाची बैठक होती. तासभर हात, पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. बैठक मी घेत होतो, संदेश गेटवर होता. शेजारच्या लग्नाला आलेल्या तिघांनी गेटसमोर गाडी आडवी लावली. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"भाईसाब, जरा सरकाव ना. अंदर बुजुर्गां बैठे हैं."

"नक्को सिखा रे. तू बी अंदर जाके आँखां मूंद के बैठ."

"मैं बी बैठ गया तो गेट कौन खोलता?" संदेश हसत म्हणाला.

ते हसणं त्यांना झोंबलं. आधी थप्पड, मग लोखंडी गज. हाडावर बसलेल्या गजाचा आवाज वेगळा असतो. "बाबा! बाबा!" अशी त्याने दोनदा हाक मारली. आवाज येतात, जातात, आपण हलायचं नाही, असं मी मनाला सांगत राहिलो. वीस वर्षं लोकांना हेच शिकवलं.

पहिल्या रांगेत बसलेल्या गीताताई उठायला लागल्या. मी डोळे न उघडता म्हणालो, "बसा." त्या बसल्या. आत आम्ही चौदा माणसं होतो.

तास संपल्याची घंटा वाजवून बाहेर आलो. त्याचं डोकं पायरीवर फुटलं होतं. माझ्या चपलेत त्याचे दात पडले होते.

हल्ली मैत्रीभावनेला, सगळ्यांचं भलं चिंतायला, बसलो की मी त्या तिघांची डोकी गजाने फोडत असतो. आज डोळे उघडले तेव्हा नखं तळहातात रुतून रक्त आलं होतं.

शुक्रवारी ठाण्यात जाऊन जबाब बदलणार आहे. हाक ऐकली आणि "बसा" म्हणालो, दोन्ही सांगेन. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं. तू परत यावंस म्हणून लिहीत नाही. माझं तोंड बघावंसं वाटलं नाही तर तसं कळव. त्याचे कपडे, पुस्तकं पाठवून देईन.

शर्टाचं बटण तुटलंय. ते लावायला बसतो.

संदेशचा बाप,
तातेराव