बाबांचं उत्तर

ता. ९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

सप्रेम सलाम. पत्र कंपनीच्या ऑफिसात दिलं की पुढच्या बंदरावर तुझ्या हातात पडेल असं तिथल्या बाईंनी सांगितलं, म्हणून लिहायला बसले. फोनवर मला बोलता येत नाही, नुसतं रडू येतं आणि तुझी मिनिटं वाया जातात. तुझी तब्येत बरी असेल. इंजिनच्या आवाजाने कान बधिर होतात म्हणाला होतास, कापसाचे बोळे घालत जा. आम्ही ठीक आहोत.

ठीक आहोत हे सवयीने लिहिलं. राहू दे.

बाबांचं सगळं नीट पार पडलं. तू येऊ शकला नाहीस याबद्दल कोणी काही बोललं नाही. मावशी बोलली, पण मावशी कोणाबद्दल बोलत नाही? मी तिला म्हटलं, "जहाज म्हणजे बस आहे का, हात दाखवून मध्येच उतरायला?" तेव्हा उठून चहा बघायला गेली.

बाबांबरोबर फरशा बसवणारे सगळे कारागीर आले होते. कामावरूनच आले, त्यांच्या नखांत सिमेंट तसंच होतं. त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा कबरीशी वाकून बघत म्हणाला, "हा कोपरा काटकोनात नाही. त्याला चाललं नसतं." आम्ही सगळे हसलो. आईसुद्धा हसली आणि मग तिचा पदर बराच वेळ तोंडावर होता.

आई शांत आहे. आनंदी म्हणावं इतकी शांत. चर्चच्या पाळकसाहेबांनी तिला सांगितलं की बाबांनी शेवटच्या दिवशी येशूवर विश्वास धरला. तुझा फोन आला की ती सांगेलच. तिला सांगू दे, मध्ये बोलू नकोस.

माझी नोकरी चालू आहे. बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांचा वर्गही पुन्हा सुरू केला. काम असलेलं बरं.

प्रभूमध्ये तुझी,
धाकटी


ता. २ मार्च

प्रिय दादा,

सलाम. आई फोन माझ्या हातात देत म्हणाली, "दादा काहीच बोलला नाही गं, आनंदाने गप्पच झाला." तू आनंदाने गप्प झाला नव्हतास हे मला कळलं. मग मला तू एवढंच विचारलंस, "बाबा? आपले बाबा हो म्हणाले?" आणि मी म्हटलं की रेंज जातेय. रेंज चांगली होती.

आई बदलली आहे. सकाळी भांडी घासताना गाते. बाबांचे कपडे कोणाला द्यायचे ते तिने हसत हसत ठरवलं. "तिथे काय कमी आहे त्यांना?" म्हणते. शेजारणीला सांगत होती, "इतकी वर्षं मी एकटीच स्वर्गात जाणार म्हणून झुरत होते. आता फक्त वाट बघायची." गुडघे दुखायचे थांबले म्हणते. खरंच थांबलेत का ते मला माहीत नाही, पण जिना चढताना आता मध्ये टेकत नाही.

बाबांचं तुला माहीतच आहे. उपासनेला दर रविवारी यायचे, शेवटच्या बाकावर बसायचे, गाणी आपल्या सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणायचे. मात्र विश्वासाची कबुली म्हणायला मंडळी उभी राहिली की हे बसलेले. मी कॉलेजात असताना एकदा चिडून विचारलं होतं, "गाणी चालतात, मग कबुलीला काय झालं?" तर म्हणाले, "गाणं म्हणजे गाणं. उभं राहून 'मी मानतो' म्हणणं म्हणजे सही करणं. सही मी वाचल्याशिवाय आणि पटल्याशिवाय करत नाही." चर्चमधला बाप्तिस्म्याचा हौद त्यांनीच बांधला, फरशीच्या कामाची एक पैसाही मजुरी घेतली नाही. काम संपल्यावर पाळकसाहेबांना म्हणाले, "पाणी गळणार नाही ही हमी माझी. पापं धुतली जातील ही तुमची." पाळकसाहेब पोट धरून हसले होते.

परवा माझ्या वर्गात नेहमीचा धडा होता. माणूस पापी आहे, चांगल्या कामांनी कोणाचं तारण होत नाही, येशूने वधस्तंभावर आपला दंड सोसला, तो मेलेल्यांतून उठला, त्याच्यावर विश्वास ठेवतो त्याला सार्वकालिक जीवन, जो ठेवत नाही तो नाशात जातो. हे सगळं मी दर वर्षी शिकवते, आणि दादा, हे मी मानते. पदवी मिळाली म्हणून मला वर्ग दिला असं लोक म्हणतात, पण मी तो घेतला कारण मला हे खरं वाटतं. या वर्षी केस कापणारी एक बाई आली आहे. तिने कात्री धरल्यासारखी दोन बोटं वर केली आणि विचारलं, "पण ताई, एखादा माणूस फार चांगला असेल, कोणाचं वाईट केलं नसेल, आणि त्याला नाहीच पटलं तर?" या प्रश्नाचं उत्तर मला पाठ आहे. मी म्हटलं, आज वेळ संपली.

याच महिन्यात एका रविवारी आई मंडळीसमोर साक्ष देणार आहे. बाबांचं तारण कसं झालं त्याची. पाळकसाहेबांनीच सुचवलं. ती रोज आरशापुढे म्हणून बघते.

पुढच्या वेळी जास्त लिहीन.

तुझी,
धाकटी


ता. २५ मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. एवढ्या लांबून एकच ओळ पाठवलीस, "खरं काय ते सांग." तुझ्यावर रागवायचं होतं, जमलं नाही.

हॉस्पिटलात बाबांची वाचा गेली होती, उजवी बाजूही. नर्सने आम्हाला शिकवलं की त्यांचा डावा हात हातात धरून विचारायचं. एकदा दाबला तर हो, दोनदा दाबला तर नाही. पाणी हवं का, उशी सरळ करू का, खिडकी लावू का, सगळं असंच चाललं होतं. मावशीने विचारलं, "मी आलेय ते बरं वाटलं ना?" तर दोनदा दाबला. मावशीला वाटलं फार आनंद झाला. माझ्याकडे बघून बाबांनी डोळा मिचकावला. शेवटपर्यंत शाबूत होते रे ते, म्हणून तर.

त्या दुपारी आई बाहेर बाकावर होती. पाळकसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "आम्ही विचारलं तर त्यांना संकोच वाटेल. तू विचार, तुझं ते ऐकतात. शेवटचा श्वाससुद्धा पुरतो बाळ, कृपेला वेळ लागत नाही." ते दारातच थांबले. मी आत गेले. बाबा मला नेहमी म्हणायचे, "अजून नाही वाटलं खरं. वाटलं की पहिली तुला सांगेन." मी हात धरला आणि विचारलं, "बाबा, वाटलं का? येशू तुमचा तारणारा आहे असं आता वाटतं का?"

त्यांनी हात दाबला.

दादा, तो आनंद मी तुला लिहून सांगू शकत नाही. आपण चौघं एका टेबलाशी बसलोय असं दिसलं मला. माझा चेहरा कसा झाला असेल मला माहीत नाही, पण मागून पाळकसाहेब "देवाची स्तुती असो" म्हणाले आणि आईकडे धावले.

मग बाबांनी दुसऱ्यांदा दाबला.

घाई नव्हती त्यात. आधी माझा चेहरा बघितला त्यांनी. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना दिसत होतं मला काय झालंय ते. तिथेच थांबले असते तर कोणाला कळलं नसतं, आणि तरी त्यांनी दाबला, हळू, पण पूर्ण. मग हात सोडला नाही, अंगठा माझ्या मनगटावरून फिरवत राहिले. बाहेरून आईचं रडणं आणि हसणं एकदम ऐकू येत होतं. मी उठून बाहेर जायला हवं होतं. मी त्यांचा हात धरून बसून राहिले. संध्याकाळी बाबा गेले.

तू म्हणशील, मग काय बिघडलं, आईला त्या सुखात राहू द्यायचं. मीही तेच म्हणत आले. पण ती उभी राहून देवासमोर साक्ष देणार, आणि मी पहिल्या रांगेत बसून ऐकणार? आणि बाबांनी एवढ्या कष्टाने दिलेलं उत्तर मी पुसून टाकायचं? त्यांची सही आपण करायची?

शनिवारी आई दुसऱ्या दिवसाचे कपडे इस्त्री करत होती. मी सांगितलं.

तिने विचारलं, "दुसऱ्यांदा नक्की दाबला?"

"हो."

"सहज बोटं हलली असतील."

"नाही आई. माझ्याकडे बघून दाबला."

तिने बाही दुमडली, पुन्हा उलगडली, पुन्हा इस्त्री फिरवली. मग इस्त्रीचं बटण बंद केलं आणि म्हणाली, "हो म्हणाले नसतील हे मला आधीच कळायला हवं होतं. हे इतक्या लवकर कधी कुठल्या गोष्टीला हो म्हणाले?" आणि हसली. ते हसू मला बघवलं नाही. त्या रात्री ती जेवली नाही.

मला वाटलं रविवारी ती येणारच नाही. आली. पाळकसाहेबांनी नाव पुकारल्यावर पुढेही गेली. माईक तिच्या तोंडापेक्षा बराच वर होता, तो तिने खाली केला नाही, म्हणून मागच्यांना नीट ऐकू गेलं नसेल.

ती म्हणाली, "यांनी हो म्हटलं नाही. आमचा समज झाला होता. यांनी मला कधी खोटं सांगितलं नाही, जातानाही सांगितलं नाही. तुम्ही सगळे माझ्यासाठी एक प्रार्थना करा. मी स्वर्गात जाणार हे मला माहीत आहे. मला तिथे जायची इच्छा राहू दे, एवढं मागा."

साक्षीनंतर सगळे आमेन म्हणतात. कोणी म्हटलं नाही. पाळकसाहेब पायरीवर खाली बसले. नंतर दारात माझा हात धरून म्हणाले, "मी तुझा चेहरा बघितला गं. हात बघायला थांबलोच नाही." माणूस रडत होता.

आता आई गात नाही. जिन्यात टेकते. पण उपासना चुकवत नाही, आणि सकाळी माझ्याआधी उठून गुडघ्यांवर असते. काय मागते ते मी विचारत नाही. हे सगळं वाचून तुला वाटेल की मी विश्वास सोडेन. नाही दादा. सोडता आला असता तर दुखलं नसतं. मी जे शिकवते ते खरं आहे असं मला अजूनही वाटतं, आणि बाबांइतका खरा माणूस मी पाहिला नाही हेही. या दोन गोष्टी एका खोलीत घेऊन मी झोपते. केस कापणाऱ्या बाईला मी अखेर उत्तर दिलं. म्हटलं, "शास्त्र जे सांगतं ते मी तुला सांगितलं. त्या माणसाचं काय होतं ते विचारलंस, तर मला रोज रडू येतं." ती उठली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. तिचा बाप्तिस्मा होईल की नाही, माहीत नाही.

आणि तू. तुलाही बाबांसारखं अजून पटलेलं नाही. लहानपणापासून मी प्रार्थनेत तुझं नाव घेते, ते आतापर्यंत कामाच्या यादीतल्यासारखं घ्यायचे. आता तुझं नाव आलं की पुढचं वाक्य सुचत नाही. एका बाजूला बाबा आणि तू, दुसऱ्या बाजूला आई आणि मी, असं दिसतं. तुला घाबरवायला लिहीत नाहीये. माझ्यासाठी खोटं हो म्हणू नकोस, कधीच नको, आईसाठीही नको. पण जहाज लागलं की घरी ये. वाद घालणार नाही. आईच्या समोर बसून जेव, तिला तुझं ताट वाढू दे, जितके दिवस मिळतील तितके.

तुला यापुढे काही न विचारणारी, पण देवाजवळ रोज तुलाच मागणारी,
तुझी धाकटी