राखेत घोळलेलं बी

तीर्थरूप दादास, धाकटीचा वाकून नमस्कार.

देवाच्या कृपेने आम्ही बरे आहोत. वहिनीची कंबर कशी आहे?

तुझ्याकडचं घेवड्याचं बी किडलं, म्हणून आजीने जाण्याआधी मला दिलेलं पाठव म्हणतोस. दादा, ते मी शिजवलं.

महिनाअखेर होती, डबे रिकामे होते. पुरचुंडीतले दाणे राखेने माखलेले बघून मला मेलीला वाटलं, धूळ बसली. चार पाण्यांनी धुतले. "आजीच्या शेताची चव आहे हो," म्हणत ह्यांनी दोनदा वाढून घेतलं. मीही जेवले.

तुझं पत्र वाचलं आणि आठवलं, कीड लागू नये म्हणून आजी बी राखेत घोळायची तेव्हा राख चाळायचं काम माझंच होतं. त्या वाईट वर्षी आपल्याला भरवून ती उपाशीपोटी शेतात राबली, पण बियाण्याच्या मडक्याला तिने हात लावला नाही.

पुरचुंडीच्या गाठीत पाच दाणे अडकलेले सापडले. देवापुढे ठेवून पाचही पाठवते आहे. माझ्याकडे एकही नको.

उगवले तर लगेच कळव. तोवर आजीच्या फोटोला रोज फूल वाहते, पण मान वर करून बघवत नाही.

तुझी,
धाकटी