चौदांपैकी अकरा

ती. सौ. वहिनींना,

गुरुदासाचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? फोंडाघाटच्या त्या वैद्यांचं तेल लागू पडलं का? आम्ही इकडे मालवणात ठीक. पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही (राग नको), आणि मध्ये कुणी बोललं तर माझा गोंधळ होईल. तसा तो झालेलाच आहे.

गेल्या महिन्यात आम्हा प्राथमिक शिक्षकांना तालुक्याला एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. विषय एडीएचडी, म्हणजे मुलाचं लक्ष न टिकणं आणि अति चंचलपणा. पूजा मॅडम म्हणून समुपदेशक आल्या होत्या. त्यांनी छान सांगितलं असावं. (मी पंख्याखाली बसलो होतो. त्याचं एक पातं वाकडं होतं, ते कितव्या फेरीला खरखरतं हे मोजण्यात माझा अर्धा तास गेला.) शेवटी लक्षणांचा एक तक्ता हाती दिला. दुसऱ्या दिवशी खिचडीनंतरच्या तासाला तो घेऊन मी वर्गात बसलो. जागेवर न बसणे, सर्वेश. मध्येच बोलणे, सर्वेश. खिडकीवर चढणे तक्त्यात नव्हतं, ते मी हाताने लिहिलं, पुन्हा सर्वेश. मग बाकीचेही तसेच दिसायला लागले. चौदा मुलांपैकी अकरा निघाली! मी घाबरून अकरा घरी चिठ्ठ्या पाठवल्या.

सर्वेशची आजी काशीबाई चिठ्ठी घेऊन थेट वर्गात. "मास्तरानू, ह्यो मासे पकडूक दोन-दोन तास गरी टाकून बसता, हलणा नाय. घराकडे बरो नि शाळेत आजारी, ह्यो खंयचो रोग?" मी पूजा मॅडमना बोलावलं.

मॅडमनी अकरा नावं वाचली आणि बाकावर बसल्याच. म्हणाल्या, सर, खिचडीनंतर मीही चुळबुळ करते. लक्षणं सहा महिने, घरी आणि शाळेत, दोन्हीकडे दिसावी लागतात, आणि ठरवायचं डॉक्टरांनी. मी म्हटलं, म्हणजे सर्वेशला काही नाही? म्हणाल्या, असूही शकेल, आवडीच्या कामात अशी मुलं तासन् तास रमतात. (आता माणसाने समजायचं काय?) मग त्यांनी विचारलं, वस्तू हरवणारं, काम अर्ध्यात सोडणारं कोण? मी म्हटलं, ती संचिता. या वर्षी चार छत्र्या हरवल्या, गणित बरोबर मांडते आणि मध्येच थांबते. पण ती कोपऱ्यात गप्प बसते, म्हणून तक्त्यात तिच्या नावापुढे मी एकही खूण केली नाही. मॅडमनी तिला जवळ घेऊन विचारलं, सर शिकवतात तेव्हा तू काय करतेस?

"मी आयकतंय," संचिता म्हणाली, "पण मधीच खार येता. खार गेली काय गुरुजी फुडे गेलेले असतत."

वहिनी, सव्वीस वर्षं मी शिकवतोय. मागे किती जण राहिले असतील, ते आठवायला बसलो आणि आठवेना. आता ती पहिल्या बाकावर बसते, आणि मी एका वेळी एकच गणित देतो. काल तीनपैकी दोन तिने पुरी केली. तिसऱ्याच्या वेळी खरंच खार आली होती, मीही बघत राहिलो.

मुलांना आशीर्वाद, दादांना नमस्कार.

तुमचा,
गुरुदास

ता.क. : तुमची नम्रता लहान मुलांची मानसोपचारतज्ज्ञ आहे, म्हणून हे सगळं. संचिताचा बाप अजय डॉक्टरकडे यायला तयार नव्हता. "माझी पोर येडी नाय," म्हणाला. (मी समजवायला गेलो आणि दोन वाट्या सोलकढी पिऊन परत आलो.) शेवटी, माझी डॉक्टर पुतणी रविवारी आमच्याकडे जेवायला येतेय, तिच्याशी नुसतं बोला, यावर कबूल झाला. पुतणीला अजून सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगाल.

ता.क. दुसरा : आणि नम्रताला म्हणावं, मुलीचं प्रगतिपुस्तक मागू नकोस. तिच्या आईने ते प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय. त्यात सलग दोन वर्षं लाल शाईने 'आळशी' लिहिलंय. मी खोडून पाहिलं, तरी खालचं वाचता येतं. अक्षर माझं आहे.