वडिलांच्या नावावरची दोन मिनिटे मला मिळण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्षा,
गृहनिर्माण समिती,
राज्य विधानसभा.

विषय: दिवंगत रॉस्को टिडवेल यांना सुनावणीत बोलण्यासाठी मिळालेली वेळ त्यांच्या मुलीस देण्याबाबत.

संदर्भ: विधेयक क्र. ४१२ (एका कंपनीने भाड्याने देण्यासाठी किती स्वतंत्र घरे घ्यावीत, यावरील मर्यादा). १८ मार्चची सुनावणी.

महोदया,

१. माझे वडील रॉस्को टिडवेल, राहणार टॅनरी क्रीक मार्ग, घर क्र. ९, यांचे १४ फेब्रुवारी रोजी निधन झाले. वरील विधेयकावर बोलण्यासाठी त्यांनी नाव नोंदवले होते. सुनावणी दोनदा पुढे ढकलली गेली. दोन्ही वेळा ते कोट घालून दोन तास गाडी चालवत आले आणि तसेच परत गेले. तिसरी तारीख त्यांना गाठता आली नाही. एकाची वेळ दुसऱ्याला देता येत नाही, असे आपल्या कार्यालयाने फोनवर सांगितले. नियम मला कळतो. तरीही हा अर्ज करीत आहे.

२. आम्ही या घरात सव्वीस वर्षे भाड्याने राहतो. मालकीण इमोजीन फाउट्स याच रस्त्यावर राहत. नळ गळला की स्वतः पाना घेऊन येत. "रॉस्को, तू फक्त टॉर्च धर. अक्कल पाजळू नकोस," असे सिंकखालून ओरडत, आणि काम झाल्यावर आमच्याकडच्या पीकन पायचा गोड तुकडा खाल्ल्याशिवाय जात नसत. त्या वारल्यावर मुलांनी घर एका कंपनीला विकले. रस्त्यावरच्या चौदा घरांपैकी अकरा आज त्याच कंपनीची आहेत. नळ अजून गळतो. तक्रार मोबाइलवर करायची. उत्तरही मोबाइलच देतो. भाडेकरू वर्षभरात बदलतात.

३. दोन मिनिटांच्या भाषणाची तयारी डॅडी अंडी उकडायचे घड्याळ लावून करीत. विधेयकाचा उल्लेख येण्याआधीच घंटा वाजे, कारण ते पहिल्या घरापासून सुरुवात करीत: तिथे कोण राहत असे, कोणाचा कुत्रा कोणाच्या ओसरीवर झोपे. मी म्हटले, "डॅडी, नावं गाळा. मुद्द्यावर या." ते म्हणाले, "लेनोरा, नावं गाळली तर मुद्दा राहिला कुठे, बाई?" मी ऐकले नाही. त्यांच्या कागदावरची सहा नावे पेन्सिलीने काटली. त्या रेघा मी आता खोडून टाकल्या आहेत.

४. आमच्याकडे कोणी वारले की शेजारी जेवण आणून देतात. भांड्याच्या तळाशी चिकटपट्टीवर नाव असते. भांडे घासून, स्वतः जाऊन परत द्यायचे, ही रीत. आई गेली तेव्हा ओट्यावर जागा उरली नव्हती. डॅडींच्या वेळी तीन भांडी आली. दोन परत केली. तिसऱ्याच्या तळाशी "फेरेल, घर क्र. १२" असे आहे. फेरेलबाई दारातच म्हणाल्या होत्या, "तुमच्या वडिलांनी आमची गाडी दोनदा ढकलून सुरू करून दिली. भांड्याची घाई नाही हं, सावकाश द्या." नऊ दिवसांनी मी भांडे घेऊन गेले, तर घर रिकामे. कंपनीने करार वाढवला नव्हता. मी नवा पत्ता विचारला. तो गोपनीय असल्याचे लेखी उत्तर आले. त्याच पत्रात, अंगणातले गवत नियमापेक्षा वाढल्याबद्दल श्री. रॉस्को टिडवेल यांना समज दिली आहे.

५. विधेयक मंजूर झाल्याने फेरेल कुटुंब परत येणार नाही, हे मी जाणते. पण अधिवेशन महिनाअखेर संपते. १८ तारखेला मतदान झाले नाही, तर विधेयक बारगळेल आणि उरलेली तीन घरेही जातील. मला माझे काही मांडायचे नाही. डॅडींचा कागद वाचायचा आहे, सगळ्या नावांसकट. घंटा झाली की वाक्य अर्धे टाकून मी खाली बसेन.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
लेनोरा टिडवेल
१२ मार्च

सोबत: १) वडिलांच्या हस्ताक्षरातील निवेदन, २) मृत्यूचा दाखला, ३) कंपनीचे पत्र.

घर क्र. १२ चे भांडे पुरावा म्हणून जोडलेले नाही. ते परत द्यायचे आहे.