मेलेल्या ओळींचा पंचनामा

सोमवार, ४ मार्च. सकाळी ९.४०
दहा दिवसांच्या रजेवरून परतलो. शी! हॉस्पिटलच्या डेटाबेसमध्ये रिपोर्ट दुरुस्त झाला की जुनी ओळ मरते आणि तिथेच पडून राहते. त्या उपसायला सफाई आपोआप चालते. तरी एक कोटी मेलेल्या ओळी! एकेक रिपोर्ट उघडायला चाळीस सेकंद. वॉर्डातल्या सिस्टरांचा फोन: पेशंट ताटकळलेत. म्हटलं, मी आलोय ना, आता काळजी सोडा.
माझा स्क्रीन मात्र रजेआधी होता तसाच, सज्ज. दर वेळी लॉगिन करत बसायला मी काय शिकाऊ आहे?

दुपारी ३
सफाई हाताने चालवली. काढलेल्या ओळी: शून्य. पुन्हा चालवली. शून्य. सॉफ्टवेअरच भिकार.

मंगळवार, ५ मार्च
चार वेळा चालवली. शून्य. शेजारच्या टेबलावरची नवी मॅडम म्हणाली, कुणाचं तरी ट्रॅन्झॅक्शन, म्हणजे डेटाबेसमध्ये सुरू केलेलं काम, उघडं राहिलं असेल, ते बंद होईपर्यंत मेलेल्या ओळी हलणार नाहीत. ठाऊकच होतं. तिला बोलायची संधी दिली, इतकंच. यादी काढून बघू का म्हणाली. नको म्हटलं. आधी शिस्त.
काम अर्धवट टाकून उठणारी माणसं! जेवून ताट तसंच ठेवणारे हेच. ओकारी येते.

बुधवार, ६ मार्च
साहेबांकडे नियम लिहून नेला: ट्रॅन्झॅक्शन उघडं टाकणाऱ्या दोषी व्यक्तीचा डेटाबेसमधला प्रवेश तत्काळ बंद, सबब चालणार नाही. साहेब म्हणाले, जरा कडक होत नाही का? म्हटलं, दयामाया दाखवली म्हणूनच ही वेळ आली. सही झाली. सगळ्यांना मेल टाकला, लाल अक्षरांत.
घरी बायकोने विचारलं, पण आहे कोण तो? म्हटलं, माणूस गौण, तत्त्व महत्त्वाचं.

गुरुवार, ७ मार्च. ११.१५
मॅडमने यादी काढलीच. एकच ट्रॅन्झॅक्शन, दोन आठवडे उघडं. कॉम्प्युटर माझा.

११.२०
हॅकिंगची शक्यता नाकारता येत नाही.

११.४०
साहेबांनी हॅकिंगचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग लाल मेल मला वाचून दाखवला.

शुक्रवार, ८ मार्च
पासवर्ड चालत नाही. मॅडमने माझं ट्रॅन्झॅक्शन बंद केलं, सफाई चालवली, ओळी गेल्या. रिपोर्ट एका सेकंदात उघडतो म्हणे. मला बघता येत नाही.
सिस्टरांचा फोन. आज सगळं पटापट झालं, पेशंट वेळेत घरी गेले. म्हटलं, आमचं कामच आहे ते. तर म्हणाल्या, तुमच्या त्या नव्या मॅडमना आमचं थँक्यू सांगा.
सांगतो म्हटलं. पाच वाजत आले. मॅडम दोन फुटांवर बसली आहे. अजून सांगितलेलं नाही.