गायनमंडळाचं रेकॉर्डिंग माझ्याकडे

१२ जानेवारी, रविवार
आज चर्चच्या अंगणात मोठी जबाबदारी घेतली. आमच्या बायकांच्या गायनमंडळाला एल्डोरेट शहरातल्या गायनस्पर्धेत जायचंय. फेब्रुवारीअखेर एका गाण्याचं रेकॉर्डिंग पाठवायचं, त्यावरून निवड. मंडळाच्या प्रमुख डोर्सिलाबाई म्हणाल्या, फोनवर घेऊ आणि पाठवू. मी उभा राहिलो. म्हणालो, फोनवर गाणं घेणं म्हणजे चाळणीतून सरोवराचं पाणी आणणं. मशिन मी निवडतो. थोडे पैसे मंडळाचे, थोडे माझे.
टाळ्या पडल्या. आमची ही, म्हणजे अपियोची आई, मंडळात दुसऱ्या ओळीत गाते. तिने वाजवल्या नाहीत. अभिमानाने हात जड झाले असावेत.

१४ जानेवारी
कोणी विचारलंच तर सांगायला बरं म्हणून लिहून ठेवतो: १९८९ साली नैरोबीच्या एका स्टुडिओत मी अख्खा दिवस होतो. वायरी गुंडाळायला बोलावलं होतं हे खरं. पण कान उघडे होते.
संकल्प: आठवड्याभरात मशिन घरात.

२५ जानेवारी, शनिवार
मशिन घरात नाही. घाईने घेतात ते पस्तावतात.
हर्षदभाईंच्या रेडिओ-टेपच्या दुकानात चौथी फेरी. पर्याय तीन. एक, कॉम्प्युटरला जोडायची पेटी. उत्तम, पण कॉम्प्युटर नाही. दोन, आठ ट्रॅकचं जुनं मशिन. बटणं इतकी, की बघूनच छाती भरून येते. पण माइक वेगळे घ्यावे लागतात. तीन, हातात मावणारा रेकॉर्डर, दोन माइक डोक्यावरच, बोकडाच्या शिंगांसारखे. बजेटमध्ये फक्त हाच बसतो.
म्हणून तिन्हींचा सखोल विचार चालू आहे.
हर्षदभाई म्हणाले, "ओगोला, पाचव्यांदा आलास तर तुला कामावरच ठेवतो." माणसाला माझी पारख कळलेली दिसते.

६ फेब्रुवारी
डोर्सिलाबाई बाजारात भेटल्या. ओमेनाची, म्हणजे सरोवरातल्या बारीक सुक्या मासळीची, मापं भरता भरता म्हणाल्या, "भाऊजी, मशिन निवडताय की सून?" मी म्हणालो, सून चुकली तर घरापुरती, मशिन चुकलं तर मंडळाची अब्रू. त्यांनी माझं माप बांधून दिलं. वरचं मूठभर ओमेना मात्र घालायच्या विसरल्या.

१५ फेब्रुवारी, शनिवार
घेतला. शिंगवाला.
हर्षदभाई बटणं समजावायला लागले. मी थांबवलं. म्हटलं, वाचता येतं मला. घरी येऊन माहितीपुस्तक काढलं. पहिला धडा सुरक्षेचा. यंत्र घेऊन आंघोळ करू नये. हे मला आधीच माहीत होतं, म्हणजे बाकीचंही माहीत असणार. पुस्तक कपाटावर ठेवलं.
हेडफोनची पिन मात्र जाडी निघाली, भोकात जात नाही. हरकत नाही. अनुभवी माणसाला नुसता कान पुरतो.

१९ फेब्रुवारी
आमच्या बाहेरच्या खोलीचा स्टुडिओ केला. भिंतींना सगळी ब्लँकेटं, खिडकीला गादी. ही म्हणाली, "आज झोपायचं कशावर?" कलेच्या वाटेत असे प्रश्न येतातच. चटईवर झोपलो. पाठ धरली.

२२ फेब्रुवारी, शनिवार
ऐतिहासिक दिवस.
चौदा बायका खोलीत मावल्या. दार लावल्यावर हवा मावली नाही. शेजारच्या ओवितीला हाता-पाया पडून मक्याची गिरणी बंद ठेवायला लावली. रेकॉर्डर स्टुलावर ठेवून लाल बटण दाबलं. दिवा आनंदाने लुकलुकायला लागला. मी डोळे मिटून हात उंचावला.
काय गायल्या! घाम गळतोय, डोर्सिलाबाईंचा डोक्याचा रुमाल सुटलाय, पण सूर हलला नाही. पुढच्या ओळीतली फिलिस्टर या वयात वरच्या पट्टीत गेली आणि तिथेच राहिली. मला भरून आलं.
गाणं संपल्यावर पुन्हा तेच बटण दाबलं. दिव्याचं लुकलुकणं थांबलं, लाल स्थिर झाला. मशिनसुद्धा समाधान पावलं. मग गिरणी चालू करायला सांगून आलो. आल्यावर मशिन बंद करून पुसून ठेवलं.
ही म्हणाली, "तुमची पाठ दुखतेय. पडा तुम्ही. सायबर कॅफेतून पाठवायचं मी बघते." इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या कलेची काळजी केली.

८ मार्च, शनिवार
निवड झाली. एल्डोरेटहून आलेल्या पत्रात खास वाक्य आहे: आवाज नैसर्गिक आणि जिवंत. डोर्सिलाबाईंनी ते सर्वांसमोर वाचलं. वाचताना माझ्याकडे बघणं टाळलं. स्तुती करताना बाई लाजते.

१६ मार्च
ओवितीला, न्हाव्याला आणि हर्षदभाईंना बातमी सांगितली. होमा बे गावच्या मंडळाने रेकॉर्डिंगबद्दल माझा सल्ला घेतला. म्हणजे मीच दिला, पण त्यांनी थांबवलं नाही. स्पर्धेच्या दिवशी एल्डोरेटच्या लोकांपुढे दोन शब्द बोलायची तयारी ठेवतो. विषय: यंत्र आणि कान.

२३ मार्च, रविवार
भाषणात पुरावा हवा, म्हणून हेडफोनच्या जाड पिनेसाठी जोड आणला आणि ते रेकॉर्डिंग पहिल्यांदाच ऐकायला बसलो. मशिनमध्ये एकच फाइल. त्यात गाणं नाही.
कपाटावरून पुस्तक काढलं. लाल बटण एकदा दाबलं की यंत्र फक्त तयार होतं, दिवा लुकलुकतो. दुसऱ्यांदा दाबलं की सुरू होतं, दिवा स्थिर होतो. पान अकरा.
मग फाइल पूर्ण ऐकली.
सुरुवातीला दार लागल्याचा आवाज. तो मी, गिरणीकडे निघालेला. नंतर डावीकडून फिलिस्टर: "अगं, गाणं होईपर्यंत मशिनवरचे आकडे शून्यावरच होते. मी समोरच उभी होते." मधून डोर्सिलाबाई: "मग सांगायचं ना ह्यांना." फिलिस्टर: "म्हणजे पुन्हा गायला लावतील. इथे, ह्या ब्लँकेटांत?" उजवीकडून कुणीतरी देवाचं नाव घेतलं.
मग ही. अगदी जवळून. "कोणी काही बोलू नका. मी फोनवर घेतलंय, तेच पाठवते. दीड महिना झाला, माणूस झोपेत बटणं दाबतोय. राहू दे त्यांचं त्यांना. राहायचं मला आहे त्यांच्यासोबत." थोडं हसणं. हिचं नाही.
पाठोपाठ गिरणी सुरू झाल्याची घरघर. दार. माझा आवाज: "कसं झालं?"
आणि चौदा जणी एकदम, "फारच छान." इतका एकसूर त्यांचा गाण्यातसुद्धा कधी लागला नव्हता.
रेकॉर्डिंग मात्र निर्दोष आहे. एक शब्द सुटलेला नाही.
हिने चुलीपाशी बसल्या बसल्या विचारलं, काय ऐकताय. मी म्हणालो, मंडळ. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. म्हणाली, "कसं आलंय?"
"साफ," म्हणालो.
तिने माशाचं डोकं, आमच्याकडे घरधन्याचा मानाचा वाटा, माझ्या ताटात वाढलं. भाषण रद्द.